मासळीची तागडी आणि अकरा बाळं

बाळाचं वजन करायला सुक्या मासळीची तागडी वापरू नये, असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. मी शोधलं. मला वाचायला एकसष्टाव्या वर्षी आलं, त्यामुळे फार पुस्तकं पालथी घातली असा माझा दावा नाही. पण जेवढी वाचली तेवढ्यांत तरी नाही. तेव्हा पुढे जे झालं त्यात माझी चूक किती आणि पुस्तकांची किती, ते वाचणाऱ्याने ठरवावं.

प्रकरण सुरू झालं एका गुलाबी कागदावरून. धाकटी सून निशिगंधा बाळंत होऊन बारा दिवस झाले होते. मुलगी झाली होती, मनस्वी. महापालिकेच्या हेल्थ पोस्टच्या राजेश्वरी सिस्टर घरी बघायला आल्या आणि जाताना तो कागद टेबलावर ठेवून गेल्या. घरातल्या सगळ्यांनी त्याच्यावर एकदा नजर टाकली आणि मग चहाचा कप ठेवला. मी कप उचलून कागद वाचायला घेतला. 'पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे. पाणीसुद्धा देऊ नये.' एवढं वाचेपर्यंत मला दोनदा चष्मा पुसावा लागला. मी अक्षर अक्षर लावून वाचते. एका ओळीला एवढे कष्ट पडतात, की ती ओळ खोटी निघाली तर मला परवडत नाही. त्यामुळे वाचलेलं मी खरं धरून चालते.

त्या दिवसापासून आमच्या घरात गुळाचं पाणी, मध आणि घुटी बंद झाली. यात अन्याय एवढाच, की तोपर्यंत ती द्या म्हणून सगळ्यांत जास्त ओरडत होते मीच.

सीवूड्सच्या टॉवरांच्या सावलीत आमचं गाव आहे. शेतं गेली, मिठागरं गेली, आणि आमच्या वाट्याला चार मजल्यांची बिल्डिंग आली. खाली आम्ही, वर भाडेकरू. निशिगंधाच्या दुधाबद्दल प्रत्येक मजल्याचं स्वतंत्र मत होतं. पहिला मजला साताऱ्याचा, त्यांचं म्हणणं हळिवाची खीर. दुसरा मजला म्हणाला शतावरी, पण म्हशीच्याच दुधातून. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी निशिगंधाच्या तोंडाकडे नुसतं बघून सांगितलं, की दूध आहे पण पातळ आहे. नुसत्या नजरेने एवढं कळत असेल तर त्या बाईंनी डेअरीत नोकरी करायला हवी होती.

समोरच्या घरातली जाहिदा मात्र तिच्या सुनेचा दाखला देऊनच बोलायची. तिची हादिया आमच्या निशिगंधाच्याच आठवड्यात बाळंत झालेली.

"मालती, तिला सुक्या बोंबलांचा रस्सा दे. माझ्या हादियाला रोज देते. पोरगं बघ कसं टम्म झालंय."

बोंबील अर्थात माझेच. मी तीस वर्षं गावच्या बाजारात सुकी मासळी विकली आणि जाहिदा तीस वर्षं माझं गिऱ्हाईक.

निशिगंधाने खीर खाल्ली, शतावरी घेतली, रस्सा प्यायली. कुणाशी वाद घातला नाही. तिचं दुखणं निराळंच होतं. ती बँकेत नोकरीला आहे.

"आई, ही किती पिते ते कळणार कसं?" तिने एकदा विचारलं.

"पोट भरलं का सोडते की."

"पण किती भरलं? बाटलीवर खुणा असतात. माझ्यावर कुठे आहेत?"

मी गुलाबी कागद पुन्हा लावून वाचला. त्यात खुणांचं काही नव्हतं. माझा मुलगा दिपेश द्रोणागिरीला एका गोदामात आहे, माल आत किती आला आणि बाहेर किती गेला हे लिहायचं त्याचं काम. तो म्हणाला, "आये, पावडरचा डबा आनू का? साठ एमएल म्हंजे साठ एमएल. टेन्शन नाय." निशिगंधाने मनस्वीला असं घट्ट धरलं, की मला समजलं. तिला स्वतःचंच पाजायचं होतं. फक्त ते पुरतंय, असं कुणीतरी आकड्यात सांगायला हवं होतं.

राजेश्वरी सिस्टरांनी सांगून बघितलं. "दिवसाला सहा-सात लंगोट ओले होतात ना? बाळ पिऊन शांत होतं ना? मग पुरतंय." पण बँकेच्या माणसाला ओले लंगोट दाखवून काही पटत नाही.

त्याच दिवशी सिस्टरांनी माझ्या हातात तो गुलाबी कागद बघितला. चहाचा गोल डाग वगळून सगळा मला पाठ झाला होता.

"आजी, तुम्ही वाचता?"

"वाचते," मी म्हटलं. हे मी शक्य तितक्या साधेपणाने म्हटलं.

"मग गावात माता आधार गट तुम्हीच घ्या ना. दर गुरुवारी नव्या आया जमवायच्या. बाळ कसं धरायचं, कसं पाजायचं, मी येऊन दाखवीन. बाकी त्या एकमेकींशी बोलल्या तरी निम्मं काम होतं."

"आणि वजन?" निशिगंधाने आतून विचारलं.

"काट्याची मागणी पाठवली आहे."

"कधी येईल?"

सिस्टरांनी वर पंख्याकडे बघितलं. मागणी पाठवलेली सगळी सरकारी माणसं वर बघतात, हे मी पेन्शनच्या कचेरीतही पाहिलं आहे.

मग मी बोलून गेले, "काटा कशाला पायजे? माजी तागडी हाय की."

इथे माझ्या नवऱ्याची ओळख करून द्यायला हवी. तोंडाने मी त्यांचं नाव अजून घेत नाही. लिहायला बंदी आहे असं मात्र कुणी सांगितलेलं नाही, म्हणून लिहिते: गोटीराम. ते कोपऱ्यात बसून आपला पाग दुरुस्त करत होते. पाग म्हणजे खाडीत फेकायचं गोल जाळं. दहा वर्षांत ते खाडीवर गेलेले नाहीत, पण पाग दुरुस्त करणं सुटलेलं नाही. माझं बोलणं ऐकून त्यांचा हात थांबला.

"तागडी? बालांना?" ते म्हणाले. पुढे आणखी काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मी लक्ष दिलं नाही. लग्नाला त्रेपन्न वर्षं झाली की माणसं तोंड उघडून मिटतातच.

तागडी माळ्यावरून काढली. दोन पितळेची पारडी, लोखंडी दांडी, एक दोन किलोचं आणि एक एक किलोचं लोखंडी वजन, खाली पितळेची छोटी वजनं. लोखंडी वजनांना मी दर दिवाळीला काळा रंग द्यायची, बुडाला जरा जाडच. पारडी राखेने घासली, चिंचेने घासली, लिंबाने घासली, शेवटी निशिगंधाचा शॅम्पू लावला. पितळ सोन्यासारखं झालं आणि वास बोंबलाचाच राहिला. पार्किंगमधल्या बीमच्या हुकाला तागडी टांगली. एका पारड्यात टोपली, तिच्यात मऊ लुगड्याची घडी, आणि टोपलीचा पासंग म्हणून दुसऱ्या पारड्यात विटेचा तुकडा. बाळाला खेळणं वाटावं अशी ती दिसत होती.

पहिल्या गुरुवारी चार आया आल्या. मनस्वीला मी स्वतः टोपलीत ठेवलं. काटा मध्यावर आला तेव्हा वजन झालं तीन किलो दोनशे.

"आठ दिवसांपूर्वी हॉस्पिटलमध्ये दोन आठशे पन्नास होतं," निशिगंधा म्हणाली. "म्हणजे साडेतीनशे ग्रॅम! आई, साडेतीनशे!" हे ती तीनदा म्हणाली आणि फोनमध्ये लिहून घेतलं. त्या दिवसापासून घड्याळ न बघता पाजायला लागली. दिपेशने डब्याचं नाव काढलं तर म्हणाली, "गरज नाही. माझ्याकडे आकडा आहे."

हादियाचं बाळही वाढलेलं निघालं. सगळीच वाढलेली निघाली. तिसऱ्या दिवशी गावात बोलायला लागले, की डॉक्टरच्या काट्यावर जे पोर वाढत नाही ते मालतीबाईच्या तागडीवर वाढतं. याला मी दुजोरा दिला नाही. नाकारलंही नाही. गट खरोखर चालला होता, हे सांगायलाच हवं. हादियाला पाजताना दुखायचं, ती दात आवळून रडायची. बाळाचं पोट आपल्या पोटाला लावून, त्याने तोंड मोठं उघडल्यावरच जवळ घ्यायचं, हे सिस्टरांनी दाखवलं आणि तिचं रडणं थांबलं. मी शेजारी उभी राहून कागदावरची तीच ओळ वाचून दाखवली. दोघींचं श्रेय निम्मं निम्मं धरायला हरकत नाही.

दुसऱ्या गुरुवारी अकरा बाळं आली. मनस्वी तीन किलो तीनशे ऐंशी. बाळांबरोबर सात मांजरंही आली. त्यांना तागडीचा वास पार नाक्यापर्यंत येत असावा. ती गोल करून बसायची आणि प्रत्येक बाळ टोपलीत गेलं की मान वर करून बघायची. टॉवरमधून आलेली क्रांती म्हणाली, "आजी, आय अॅम सॉरी, पण ही मांजरं माझ्या बाळाकडे माशासारखी बघतायत." तिचे वडील सुधीर टॉवरच्या सोसायटीचे सेक्रेटरी. हॉल मिळू शकेल, असं ती म्हणाली.

सुधीरभाऊ सज्जन आहेत, पण नियमावली सोबत घेऊन फिरतात. हॉलच्या फॉर्मवर कार्यक्रमाचे प्रकार तीन होते: वाढदिवस, योगा, इतर. आम्ही 'इतर'वर खूण केली. 'इतर' असेल तर कमिटी लागते. शनिवारीच कमिटी बसली आणि तिच्यात त्यांनी नियम चौदा वाचला. "हॉलमध्ये खाणे-पिणे सक्त मना आहे. बाहेरून आणलेली पेये चालणार नाहीत."

"बाल काय घेऊन येत नाय वो," मी म्हटलं. "दूध आईबरोबर येतं."

"तोच मुद्दा आहे मावशी. म्हणजे बाहेरून आलं."

यावर पाऊण तास चर्चा झाली. एका आजोबांनी विचारलं, सभासद आई आणि बिगरसभासद आई असा फरक करता येईल का. शेवटी चार विरुद्ध तीन मतांनी ठराव झाला, की आईच्या अंगावरचे दूध हे बाहेरून आणलेले पेय समजू नये. तो नोटीस बोर्डावर लागला तेव्हा मी उभी राहून पूर्ण वाचला. ओळ कष्टाची होती, पण खरी होती.

गेटवर आणखी एक भानगड. टॉवरमध्ये शिरणाऱ्या प्रत्येकाची मोबाइलवर नोंद, बाळाचीसुद्धा. फोटो, नाव, कोणाकडे, कशासाठी. 'कशासाठी' याला ठरलेलेच पर्याय होते: पार्सल, गॅस, भांडी, दूध. वॉचमनने विचार करून हादियाच्या बाळाच्या नावापुढे दूध दाबलं. त्यामुळे त्या पोराला रोज पहाटे पाच ते सात प्रवेशाचा कायमचा पास मिळाला, आणि दुपारी मात्र प्रत्येक वेळी परवानगी घ्यावी लागली.

आणि मग, कुणाच्याही ध्यानीमनी नसताना, मागणी मंजूर झाली.

सोमवारी राजेश्वरी सिस्टर हॉलमध्ये नवा कोरा काटा घेऊन आल्या. पांढरा, पाळण्यासारखा, लाल आकडे दाखवणारा. आनंदाने त्यांनी सगळ्यांना बोलावलं होतं. पहिला नंबर मनस्वीचा.

तीन किलो दोनशे नव्वद.

"गुरुवारी तीन तीनशे ऐंशी होतं," निशिगंधा म्हणाली. तिने फोन बघितला. "नव्वद ग्रॅम कमी? चार दिवसांत?"

हादियाचं बाळ शंभर ग्रॅम कमी. क्रांतीचं ऐंशी. एकामागून एक अकराच्या अकरा बाळं कमी भरली. शेजारच्या खोलीतला टेबल टेनिसचा चेंडू ऐकू यायला लागला. अकरा आयांचे चेहरे पडले. माझाही पडला, पण वेगळ्या कारणाने.

लोखंडी वजनाच्या बुडाला एक खाच असते आणि तिच्यात शिसं भरलेलं असतं. वजनमापवाले त्या शिशावर शिक्का मारतात. माझ्या बाजाराच्या पहिल्याच वर्षी गोटीरामच्या पागाला शिसं कमी पडलं. पाग नीट बुडायला कडेला शिशाच्या गोळ्या लागतात. त्यांनी माझ्या दोन्ही लोखंडी वजनांमधलं शिसं काढून वितळवलं, गोळ्या केल्या, आणि खाचेत लाख भरून ठेवली. वजन हलकं झालं, म्हणजे मासळी कमी जायला लागली. मला कळलं तेव्हा मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बाजार होता. मी खाचेवर काळा रंग दिला आणि गेले. पुढे तीस वर्षं त्या वजनाला किलो म्हणत राहिले, आणि एवढी वर्षं म्हटलं की माणसाला तो किलोच वाटतो. बाळं तोलताना ते माझ्या मनातही आलं नाही, हे मी शपथेवर सांगू शकते. मात्र लाल आकडे बघितल्याबरोबर आलं, हेही शपथेवर सांगावं लागेल.

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "डायपर काढले होते का?" काढले होते. मग म्हटलं, "वारा लागला असेल."

घरी आल्यावर निशिगंधा भिंतीकडे तोंड करून बसली. मजले खाली उतरले. पहिला मजला म्हणाला, हळीव सोडलं ना, म्हणून. तिसऱ्या मजल्याच्या काकू म्हणाल्या, "मी पातळ म्हटलं होतं." संध्याकाळी दिपेश डबा घेऊन आला आणि ओट्यावर ठेवला. निशिगंधाने त्याला नाही म्हटलं नाही.

"पोरी, मशीनच खोटं असेल," मी म्हटलं. ही माझी सगळ्यांत खालची पायरी.

"सरकारी काटा खोटा कसा असेल आई? माझंच कमी पडतंय. तुमची तागडी होती म्हणून अकरा दिवस तरी बरं वाटलं." आणि वर म्हणाली, "गुरुवारपासून बाटली सुरू करते."

आता तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. गोटीराम कोपऱ्यातून माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. या वेळी मला त्याचा अर्थ समजला.

"इचार करते," मी म्हटलं.

विचार करायला सुधीरभाऊंनी वेळ दिला नाही. त्यांचा नातू ऐंशी ग्रॅमने कमी भरला होता. बुधवारी ते छापील पत्र घेऊन आले. विषय: सदोष काट्यामुळे अकरा बाळांच्या वजनात झालेली घट. मी ते वाचलं. त्यात लिहिलं होतं, की श्रीमती मालतीबाई यांच्या तीस वर्षांच्या प्रामाणिक तागडीशी तुलना करता सरकारी काटा चुकीचा असल्याचे सिद्ध होते, तरी संबंधित कर्मचाऱ्यावर कारवाई व्हावी. खाली माझ्या सहीची जागा.

"संबंदित कर्मचारी म्हंजे कोन?" मी विचारलं.

"त्या सिस्टर."

"त्या कंत्राटावर हायत ना?"

"म्हणूनच कारवाई लवकर होईल," सुधीरभाऊ म्हणाले. "गुरुवारी सभेतच सही करा मावशी, फोटो काढू. आणि तागडी आणा. पुरावा म्हणून."

आयुष्यात सरकारी कागदावर माझी पहिली सही होणार होती. तोपर्यंत अंगठाच होता.

गुरुवारी हॉल भरला. गोटीरामनी तागडी खांद्यावरून आणली आणि दाराशी थांबले, कारण आत आया पाजत बसल्या होत्या. सुधीरभाऊ सेक्रेटरी असल्यामुळे आत होते, पण सभ्यपणा म्हणून सगळ्यांकडे पाठ करून, भिंतीवरच्या योगासनांच्या तक्त्याकडे तोंड करून बोलत होते. राजेश्वरी सिस्टर काट्याशेजारी उभ्या होत्या. त्यांना पत्राचं समजलं होतं. त्या नुसत्या काट्यावरची धूळ पुसत होत्या. धूळ नव्हतीच.

सुधीरभाऊंनी पाठमोऱ्यानेच हात मागे करून माझ्याकडे पेन दिलं. त्याच वेळी मनस्वी रडायला लागली. निशिगंधाने पिशवीत हात घातला आणि बाटली काढली. भरून आणली होती. तिने झाकण उघडलं, आणि बाटलीकडे न बघता मनस्वीकडे बघत राहिली.

"थांब," मी म्हटलं.

पेन खाली ठेवलं. तागडीच्या पिशवीतून दोन्ही वजनं काढली, टेबलावर उलटी केली, आणि अंबाड्यातला आकडा काढून बुडाचा रंग खरवडला. तीस दिवाळ्यांचा रंग होता, वेळ लागला. सगळ्या बघत होत्या. रंग निघाला, खालची लाख निघाली, आणि खाच दिसली. रिकामी.

"या वजनांत शिसं नाय," मी म्हटलं. "तीस वर्सं नाय. माजी तागडी खोटी हाय, बालं जास्त भरवत होती. मशीन खरं हाय. सिस्टर खऱ्या हायत. तुमचं दूध पन खरं हाय."

"शिसं मी काडलं," दारातून आवाज आला. "पागाला कमी पडत होतं."

"अवो, तुमी गप ऱ्हा."

"पागात हाय अजून. पायजे तर देतो."

सिस्टरांनी किलोचं वजन उचलून आपल्या काट्यावर ठेवलं. नऊशे अडतीस. मग दोन किलोचं. एक किलो आठशे ऐंशी. हॉलमध्ये गावातल्या निदान सहा बायका अशा होत्या, ज्यांनी माझ्याकडून तीस वर्षं पावसाळ्याची मासळी भरली होती. मी मान खाली घालून त्यांच्या बोलण्याची वाट बघत उभी राहिले. जन्मभर कमावलेली इज्जत जायला किती वेळ लागतो, हे मला बघायचं होतं.

"आता सांगतेस?" जाहिदा म्हणाली.

मी वर बघितलं.

"मला पैल्या वर्षापासून माहीत आहे. घरी नेऊन वाण्याच्या काट्यावर टाकलं होतं. किलोला साठ ग्रॅम कमी."

"आमच्या सासूला पन माहीत होतं," मागून एक म्हणाली.

"मंग बोलली का नाय कोन?" मला राग यायला लागला होता.

"कशाला बोलू?" जाहिदा म्हणाली. "तोलून झालं की तू वर एक मूठ घालायचीस ना? तुझी मूठ केवढी ती! ती पण मोजलीय मी. नव्वद ग्रॅम भरते. दुसरीकडे गेले असते तर मला कुठे मिळाली असती?"

सगळ्या हसल्या. सुधीरभाऊंची पाठसुद्धा हलली. म्हणजे तीस वर्षं मी चोरी केली आणि तीही तोट्यात. मनावर एवढं ओझं घेऊन यावं आणि ते आधीच सगळ्यांनी मोजून ठेवलेलं असावं, याच्याइतका अपमान दुसरा नसेल.

निशिगंधा हसत नव्हती. तिने फोन काढला होता आणि ओठ हलत होते. "दोन्ही वजनांत मिळून एकशे ब्याऐंशी ग्रॅम कमी," ती म्हणाली. "म्हणजे गेल्या गुरुवारी तीन तीनशे ऐंशी नव्हतंच. तीन एकशे अठ्ठ्याण्णव होतं. आणि सोमवारी तीन दोनशे नव्वद." तिने बोटाने स्क्रीनवर वजाबाकी केली. "ब्याण्णव ग्रॅम वाढलीय. चार दिवसांत."

"छान वाढ आहे," सिस्टर म्हणाल्या. "मी म्हटलं होतं, लंगोट मोजा."

निशिगंधाने बाटलीचं झाकण लावलं, बाटली पिशवीत ठेवली, मनस्वीचं पोट आपल्या पोटाला लावलं आणि तिने तोंड मोठं उघडायची वाट बघितली. रडणं थांबलं. मग हादियाने निशिगंधाचा फोन मागितला, मग क्रांतीने, आणि अकरा आया आपापल्या आकड्यांतून माझं शिसं वजा करायला बसल्या. सगळ्यांची बाळं वाढलेली निघाली.

"मग या पत्राचं काय करायचं?" सुधीरभाऊंनी योगासनांना विचारलं.

"मागची बाजू कोरी आहे ना?" सिस्टर म्हणाल्या. "आजी, तिकडे खरी वजनं लिहा."

मी लिहिली. अकरा नावं, अकरा आकडे, आणि खाली सही. फोटो कुणी काढला नाही.

गोटीरामनी दुसऱ्या दिवशी खरोखरच पागाच्या शिशाच्या गोळ्या कापून मूठभर माझ्यासमोर धरल्या. मी म्हटलं, ऱ्हाऊ द्या. दोन किलोचं वजन आता हॉलचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराला लावलेलं असतं. ते काम ते प्रामाणिकपणे करतं. फोडलेला डबा दिपेश दुकानदाराशी हुज्जत घालून परत करून आला. तागडी माळ्यावर गेली आणि तिच्या मागोमाग मांजरंही.

पुढच्या गुरुवारी सरकारी काट्यावर मनस्वी तीन किलो पाचशे तीस भरली. मी चष्मा पुसून लाल आकडे दोनदा वाचले आणि वहीत लिहिले, एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. निशिगंधा माझ्या खांद्यावरून वाकून वहीत बघत होती. तिच्या फोनला तिने हात लावला नव्हता.

"आई," ती म्हणाली, "वर एक मूठ घालायची राहिली."